खेळाडूंच्या सुट्टीतल्या धोक्याच्या छंदांवर संघानं बंदी घालावी का?

तुम्ही विचारलंय की हंगाम संपला की खेळाडू मोटारसायकली पळवतात, बर्फात स्की करतात, कड्यांवर चढतात; तर करारातच याला बंदी असावी का, की सुट्टी त्यांची आणि शरीरही त्यांचं? तुम्ही एका छोट्या क्लबच्या कार्यकारिणीवर आहात आणि नव्या करारात असं कलम घालायचं घाटतंय, हेही लिहिलंय. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बंदी घाला, पण चार-पाच गोष्टींची नावं घेऊन, आणि ज्या महिन्यांचे पैसे देता त्या महिन्यांपुरतीच. कलम लिहून झालं की त्यातलं एकेक वाक्य वाचून स्वतःला विचारा: हे वाचलेला खेळाडू उद्या कुठे पडला-झडला, तर तो मला खरं सांगेल का? नाही असं वाटलं, तर ते वाक्य खोडून टाका. मी पंधरा वर्षं संघांचा फिजिओ म्हणून काम करतोय आणि ही कसोटी मला एका गोलरक्षकाच्या मनगटानं शिकवली.

हंगाम सुरू व्हायला तीन आठवडे होते. तो आला आणि उजवं मनगट दुखतंय म्हणाला. कशानं, विचारलं तर म्हणाला, जिममध्ये बार उचलताना लचकलं. सूज थोडीशीच, मूठ वळत होती, एक्स-रे साफ आला. अंगठ्याच्या मुळाशी जो खळगा असतो, तिथे दाबल्यावर त्याला दुखलं. ते मी कागदावर लिहूनही ठेवलं. पण बार उचलताना लचकलेल्या मनगटाला जे करतात तेच केलं: टेप, बर्फ, आठवडाभर हलका सराव. तो खेळायला लागला. दुखणं मात्र हटेना. अडीच महिन्यांनी एमआरआय काढला तेव्हा मनगटातलं स्केफॉइड हाड मधोमध मोडलेलं दिसलं, आणि ते जुळलेलंच नव्हतं.

स्केफॉइड हे काजूएवढं हाड. त्याचा रक्तपुरवठा मोठा विचित्र आहे. रक्त बोटांकडच्या टोकातून आत शिरतं आणि तिथून मागे, कोपराच्या दिशेनं जातं. हाड मधे मोडलं की मागच्या तुकड्याचं रक्त तुटतं आणि तो तुकडा हळूहळू मरू शकतो. पहिल्या एक्स-रेत हे मोडणं बऱ्याचदा दिसतच नाही. म्हणून कुणी तळहातावर जोरात आपटलाय आणि त्या खळग्यात दुखतंय असं कळलं, की एक्स-रे साफ असला तरी हाड मोडलंय असं धरून चालतात, हात प्लास्टरमध्ये घालतात आणि दहा-चौदा दिवसांनी पुन्हा फोटो काढतात. यातला सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे माणूस कसा पडला, ही हकिकत. तीच मला खोटी मिळाली होती.

खरं असं होतं की सुट्टीत तो डोंगराळ रस्त्यावर डर्ट बाइक चालवताना गाडीवरून फेकला गेला होता आणि हातावर आपटला होता. त्याच्या करारात लिहिलं होतं की 'शारीरिक इजा होऊ शकेल अशी कोणतीही कृती' केली तर मानधन थांबेल आणि करार रद्द होऊ शकेल. त्यानं ते वाचलं होतं. वेळेवर कळलं असतं तर दोन-तीन महिन्यांत हात मोकळा झाला असता. त्याऐवजी कमरेच्या हाडाचा तुकडा काढून मनगटात बसवावा लागला, स्क्रू घालावा लागला आणि अख्खा हंगाम गेला. तो खळगा दुखत असताना मी जास्त खोदून विचारलं नाही, ही माझी चूक आहे आणि ती मी आजही विसरलेलो नाही. पण त्या कलमानं क्लबचं काय राखलं, हे मला अजून कुणी सांगू शकलेलं नाही.

क्लबची बाजू मला कळत नाही असं समजू नका. जे विल्यम्सचं नाव कदाचित तुम्ही ऐकलं असेल. २००२ मध्ये एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, तो दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला, शिकागो बुल्सकडून एक हंगाम खेळला आणि जून २००३ मध्ये मोटारसायकल घेऊन खांबावर आदळला. कंबरेचं हाड मोडलं, गुडघ्याचे लिगामेंट तुटले, पायाच्या नसेला इजा झाली. त्याच्या करारात मोटारसायकलला स्पष्ट मनाई होती. क्लबनं सुमारे ३० लाख डॉलर देऊन त्याला मोकळं केलं; करारानुसार तेवढंही देणं त्यांच्यावर बंधनकारक नव्हतं. तो एनबीएत पुन्हा एकही सामना खेळला नाही. अशी उदाहरणं पाहिलेला कुठलाही व्यवस्थापक मोटारसायकलचं नाव यादीत घालणारच, आणि घालावंच. जी इजा सहा आठवड्यांत भरून येते तिची गोष्ट वेगळी आणि जी माणसाला जन्मभर लंगडा करते तिची वेगळी. बंदी हवी ती दुसऱ्या जातीच्या धोक्यांवर.

पण बंदी असताना खेळाडू काय करतात, तेही बघा. फेब्रुवारी २००७ मध्ये एनबीएतल्याच लेकर्सचा व्लादिमिर रादमानोविच ऑल-स्टार सामन्याच्या वेळच्या सुट्टीत खांदा दुखावून परतला. आधी म्हणाला, बर्फावरून पाय घसरला. काही दिवसांनी कबूल केलं की स्नोबोर्डिंग करत होतो. पाच लाख डॉलर दंड झाला. पुढच्याच वर्षी मॉन्टा एलिसनं गोल्डन स्टेट क्लबशी सहा वर्षांचा, ६.६ कोटी डॉलरचा करार केला आणि काही आठवड्यांतच मोपेडवरून पडून घोट्याचा लिगामेंट फाडून घेतला. क्लबला पहिल्यांदा त्यानं सांगितलं की बास्केटबॉल खेळताना झालं. ३० सामने बिनपगारी निलंबन, म्हणजे सुमारे ३० लाख डॉलर गेले. दोघंही वाईट माणसं होती असं मला वाटत नाही. करारात दंड लिहिलेला होता आणि सवलत कुठेच नव्हती, त्यात ते घाबरले.

उलट उदाहरण बेसबॉलपटू आरन बूनचं. ऑक्टोबर २००३ मध्ये त्याच्या होमरनवर त्याचा क्लब यँकीज अंतिम फेरीत गेला. जानेवारीत तो मित्रांबरोबर सहज बास्केटबॉल खेळत होता आणि गुडघ्याचा लिगामेंट तुटला. बास्केटबॉलला करारात मनाई होती. दुसरी काही गोष्ट रचणं त्याला सहज शक्य होतं, पण त्यानं क्लबला जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. ५७.५ लाख डॉलरच्या करारातले दहा लाखही त्याच्या हाती पडले नाहीत. क्लबनं त्याला सोडलं. पुढे डिसेंबर २०१७ मध्ये त्याच क्लबनं त्याला व्यवस्थापक नेमलं, ही वेगळी गोष्ट. पण २००४ साली ड्रेसिंग रूममध्ये बसलेल्या प्रत्येक तरुण खेळाडूनं यातून काय धडा घेतला असेल? खरं बोललास तर जास्त बुडशील. असा धडा देणारं कलम माझ्यासारख्याचं काम अशक्य करून टाकतं.

फर्नांडो टाटीसचं प्रकरण मला याहूनही जास्त खटकतं. डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात बेसबॉलच्या मालकांनी खेळाडूंची टाळेबंदी केली होती, आणि त्या काळात क्लबला खेळाडूशी बोलायचीच परवानगी नव्हती. टाटीस मोटारसायकलवरून पडला होता. शिबिर सुरू झालं तेव्हा डाव्या मनगटाचं हाड मोडलंय हे क्लबला कळलं, मग शस्त्रक्रिया आणि अर्ध्याहून जास्त हंगाम पाण्यात. फोन उचलून क्लबच्या डॉक्टरशी बोलता आलं असतं तर निदान पहिल्या आठवड्यात प्लास्टर तरी झालं असतं.

आता शब्दांबद्दल. तुमच्या मसुद्यात 'धोकादायक कृती' असा मोघम शब्द असेल तर तो आधी काढा. एनबीएच्या ठरावीक करारात सरळ नावं घेतलेली आहेत: स्कायडायव्हिंग, हँग ग्लायडिंग, स्कीइंग, गिर्यारोहण, बंजी, ट्रॅम्पोलिन, मोटारसायकल, मोपेड, कुस्ती, बॉक्सिंग. आणि गोल्फ, टेनिस, पोहणं, डोंगरात पायी भटकणं याला मोकळीक आहे, हेही तिथेच लिहिलंय. यादी मला फार लांब वाटते, पण खेळाडूला आपण कुठे उभे आहोत ते कळतं. याच एनबीएत मायकेल जॉर्डननं करारात खास कलम घालून घेतलं होतं, की सुट्टीत वाटेल तिथे, वाटेल तेव्हा बास्केटबॉल खेळायला मी मोकळा. म्हणजे या कलमांवर वाटाघाट होऊ शकते. तुमच्या खेळाडूंनाही ती करू द्या.

मोघम शब्दाचं टोक कुठवर जातं ते जा'वुआन जेम्सच्या बाबतीत दिसलं. हा अमेरिकन फुटबॉलमधला खेळाडू, डेन्व्हरचा. मे २०२१ मध्ये तो क्लबच्या जागेबाहेर व्यायाम करत होता आणि त्याची टाच-शीर (टाचेमागचा अकिलीस स्नायूबंध) तुटली. खेळाडूंच्या संघटनेनंच त्या वर्षी क्लबच्या ऐच्छिक सरावापासून दूर राहायला सांगितलं होतं. क्लबनं ही 'फुटबॉलबाहेरची दुखापत' ठरवली आणि हमीचे सुमारे एक कोटी डॉलर धोक्यात आले. माणूस संघासाठीच शरीर तयार करत होता! मोटारसायकल पळवणारा आणि मैदानावर धावणारा एकाच खान्यात टाकले गेले, कारण कलम कृतीचं नाव घेत नव्हतं, जागेचं घेत होतं.

आणि धोका नेमका छंदातच असतो का? जॉनी बेअरस्टो सप्टेंबर २०२२ मध्ये, कारकिर्दीतल्या सगळ्यात तुफान फॉर्मात असताना, गोल्फ कोर्सवर चालता चालता घसरला. पाय मोडला, घोटा निखळला. टी-ट्वेंटी विश्वचषक आणि पुढची आयपीएल दोन्ही गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ग्लेन मॅक्सवेलनं मित्राच्या वाढदिवसाच्या पार्टीत पळापळ करताना पाय मोडून घेतला. स्पेनचा गोलरक्षक सँतियागो कान्यिझारेस २००२ च्या विश्वचषकाला मुकला, कारण हातातून निसटलेली आफ्टरशेव्हची बाटली पायावर पडून स्नायूबंध कापला गेला. याला कुठलं कलम लावणार?

संघ स्वतःच जे करायला लावतात त्याचा हिशेब तर कुणी मांडतच नाही. रॉबर्ट एडवर्ड्स १९९८ च्या पदार्पणाच्या हंगामात न्यू इंग्लंड या अमेरिकन फुटबॉल संघाकडून एक हजार यार्डांच्या वर धावला. फेब्रुवारी १९९९ मध्ये त्या खेळाच्या लीगनं, एनएफएलनंच, हवाईत नवोदितांचा वाळूवरचा फ्लॅग फुटबॉलचा (अंगाला न भिडता खेळायचा) सामना ठेवला होता, एक मौजेचा कार्यक्रम म्हणून. त्यात त्याचा गुडघा असा काही मोडला की पाय कापावा लागतो की काय अशी वेळ आली. तो २००२ मध्ये परत खेळला, हे त्याच्या जिद्दीचं यश. इंग्लंडचे क्रिकेटपटू सरावाआधी फुटबॉल खेळायचे. २०१८ मध्ये श्रीलंकेत बेअरस्टोचा घोटा त्यात गेला, जानेवारी २०२० मध्ये केपटाऊनला रॉरी बर्न्सचा गेला, तेव्हा कुठे तो बंद झाला. तुमचा क्लब खेळाडूंना प्रायोजकाच्या कार्यक्रमात, प्रदर्शनी सामन्यात पाठवत असेल तर तिथल्या दुखापतीची जबाबदारी क्लबची, असंही त्याच कलमात लिहा. नाहीतर सुट्टीचा धोका फक्त खेळाडूच्या माथी मारल्यासारखं होईल.

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावणारी उदाहरणं वेगळी आहेत: जिथे संघानं डोळे उघडे ठेवून परवानगी दिली. रॉबर्ट कुबित्सा फॉर्म्युला वनमध्ये रेनॉकडून शर्यती करायचा आणि रॅलीची त्याला ओढ होती. संघानं ती मान्य केली होती. ६ फेब्रुवारी २०११ ला इटलीत एका छोट्या रॅलीत त्याची गाडी कठड्यावर आदळली आणि उजवा हात जवळजवळ तुटला. फॉर्म्युला वनमध्ये परतायला त्याला २०१९ उजाडलं. २०२५ मध्ये त्यानं ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. दुसरा बो जॅक्सन. बेसबॉलमध्ये कॅन्सस सिटीचा तारा, आणि १९८७ मध्ये त्यानं जाहीर केलं की हंगाम संपल्यावर मी व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल खेळणार, एक छंद म्हणून. क्लबनं होकार दिला. जानेवारी १९९१ मध्ये फुटबॉलच्या सामन्यात त्याचा खुबा निखळला, मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटला आणि हाड मरत गेलं. त्या गोलरक्षकाच्या मनगटात जे झालं तेच, फक्त शरीरातल्या एका मोठ्या सांध्यात. मार्चमध्ये क्लबनं त्याला सोडलं. १९९३ मध्ये तो कृत्रिम खुबा घेऊन दुसऱ्या संघाकडून बेसबॉल खेळला.

हे संघ चुकले का? मला तसं म्हणवत नाही. ज्या ओढीनं कुबित्सा रॅलीत उतरायचा तीच त्याला गाडीत बसवत होती. ती अर्धी कापून उरलेली अर्धी वापरता येते, असं मी तरी कुठल्या खेळाडूत पाहिलेलं नाही. मला खटकतं ते एवढंच की होकार देताना 'झालं काही तर काय' हे दोघांनी बसून लिहून ठेवायला हवं असतं. लिहून ठेवलेला होकार हाही एक करारच असतो.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे कार्यकारिणीचं सहसा लक्ष जात नाही. सुट्टीतला सगळ्यात मोठा धोका बऱ्याचदा छंद हा नसतोच, शरीर रिकामं बसणं हा असतो. २०११ मध्ये एनएफएलची टाळेबंदी झाली, खेळाडू मार्च ते जुलै क्लबच्या प्रशिक्षकांपासून आणि फिजिओंपासून तुटले. शिबिरं सुरू झाली आणि पहिल्या १२ दिवसांत १० खेळाडूंच्या टाच-शिरा तुटल्या. स्नायूबंधाला भार हळूहळू चढवावा लागतो. चार महिने काहीच नाही आणि मग एकदम उड्या, हे त्याला सोसत नाही. म्हणून 'हे करू नका, ते करू नका, घरी बसा' असं कलम मला धोक्याचंच वाटतं. जो खेळाडू सुट्टीत सायकल चालवतो, पोहतो, टेकड्या चढतो, तो मला हंगामाच्या सुरुवातीला कमी त्रास देतो.

पैशाचं स्पष्ट बोलतो. मोठ्या लीगमधला खेळाडू बारा महिन्यांचा पैसा घेतो, त्यानं बारा महिने शरीर जपावं ही अपेक्षा रास्त आहे. तुमच्यासारखा क्लब बहुधा सात-आठ महिन्यांचं मानधन देतो. उरलेल्या महिन्यांत तो खेळाडू दुसरीकडे नोकरी करतो, कदाचित मोटारसायकलवरूनच कामाला जातो. त्या महिन्यांवर हक्क सांगायचा असेल तर त्यांचे पैसे द्या, किंवा निदान त्या काळाचा विमा उतरवा. दोन्ही जमत नसेल तर तिथे विनंती करा, बंदी घालू नका.

आता मसुद्याबद्दल. बंदी वेगाच्या आणि उंचीच्या गोष्टींवर ठेवा: मोटारसायकलची शर्यत आणि डर्ट बाइक, स्कायडायव्हिंग, पॅराग्लायडिंग, उतारावरचं स्कीइंग, दोराशिवाय कडे चढणं. बाकी सगळं 'आधी सांगा' या खान्यात. शिक्षेला वरची मर्यादा घाला आणि आकडा आधीच छापा, म्हणजे खेळाडूला सगळंच जाईल अशी धास्ती राहणार नाही. चोवीस तासांच्या आत खरं सांगणाऱ्याच्या उपचाराचा पूर्ण खर्च क्लबचा आणि दंड निम्मा, असं एक वाक्य हवंच. आणि फिजिओला किंवा डॉक्टरला सांगितलेली पडण्याची हकिकत व्यवस्थापनाला शिस्तभंगाचा पुरावा म्हणून वापरता येणार नाही, हेही. या शेवटच्या वाक्याला कार्यकारिणीत विरोध होईल. माझ्याकडे झाला होता. दोन बैठका लागल्या. मी त्या गोलरक्षकाचे दोन्ही फोटो टेबलावर ठेवले, साफ आलेला एक्स-रे आणि नंतरचा एमआरआय.

तेव्हापासून हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात मी प्रत्येक खेळाडूबरोबर अर्धा तास बसतो आणि सुट्टीत काय करणार ते विचारतो. दोन वर्षांपूर्वी व्हॉलीबॉल संघातली सेटर (बोटांनी चेंडू उचलून देणारी) म्हणाली की क्लाइंबिंग शिकणार आहे, दोर लावून, भिंतीवर. सेटरचं सगळं कसब बोटांत, आणि क्लाइंबिंगमध्ये बोटाच्या मुळाशी स्नायूबंधाला धरून ठेवणारी पट्टी फाटते. मी नाही म्हटलं नाही. बोटं पूर्ण दुमडून बारीक कपारीला लटकायचं नाही, आठवड्यातून दोनदाच, आणि बोटात 'टक्' असा आवाज आला तर लगेच खाली उतरायचं, एवढं सांगितलं. पाचव्या आठवड्यात तिचा फोन आला. भिंतीखालच्या गादीवर बसूनच बोलत होती. अनामिकेत आवाज आला होता. दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी झाली, पट्टी थोडी फाटलेली दिसली, बोटाला कडं बसवलं. सराव सुरू झाला तेव्हा ती पहिल्या दिवसापासून मैदानात होती.